‘तुझं म्हणणं मला असं समजलं की…’: नवराबायकोचे संवादवर्ग आणि आपल्याकडची घरं

गुहागरची_सून
नमस्कार मंडळी. चिपळूणला जोडप्यांसाठी संवादकौशल्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्याला आम्ही दोघं जाऊन आलो. घरात काही पेटलं नव्हतं, धुमसत होतं. शिवाय ह्यांच्या मित्राच्या ओळखीने फी निम्मी झाली, हेही खरं कारण.

शिकवलं ते थोडक्यात असं. दोघांत एक पुठ्ठ्याचं कार्ड. ज्याच्या हातात कार्ड त्याने बोलायचं, तेही स्वतःपुरतं आणि थोडं थोडं. दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, ‘बरोबर कळलं का?’ विचारायचं, मग कार्डाची अदलाबदल. ‘तू कधीच’, ‘तू नेहमी’ आणि ‘तुझ्या घरचे’ यांना बंदी. अमेरिकेत डेन्व्हर विद्यापीठातल्या हॉवर्ड मार्कमन आणि स्कॉट स्टॅन्ली यांच्या कार्यक्रमातली ही पद्धत आहे असं सांगितलं.

वर्गात झकास जमलं. कार्ड हातात आल्यावर आमचे हे पहिल्यांदाच बोलले की होमस्टेचं कर्ज कधी फिटणार या विचाराने त्यांना रात्री झोप लागत नाही. मी समजत होते उकाड्याने लागत नाही.

घरी आल्यावर अडलं. बसायचं कुठे? बऱ्या खोल्या पाहुण्यांना दिलेल्या, आम्ही माजघरात, सासूबाई पलीकडच्या खोलीत आणि मधलं दार लागत नाही. पडवीत बसावं तर शेजारचे काका ‘काय, सगळं ठीक ना?’ करत येतात आणि चहा घेऊनच जातात.

दुसरी गोष्ट जास्त छळतेय. रात्री अकराला दार वाजवून ‘गरम पाणी येत नाही’ म्हणणाऱ्या पाहुण्याशी हे इतकं गोड बोलतात की ऐकत राहावं. त्याचं ऐकून घेतात, ‘तुमची गैरसोय झाली, दोन मिनिटांत बघतो’ म्हणतात. पाठ फिरवून आत आले आणि मी विचारलं, ‘गॅस नोंदवलात का?’ की लगेच ‘तुला आत्ताच सुचतं का?’ म्हणजे कौशल्य तर अंगात आहे! मग आम्हाला शिकवलं काय?

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा, पुढे काय उरलं? घरचं सांगा, पुस्तकी नको.

कट्ट्यावरचो_बाळग्या
आमच्याकडे घोवान बायलेक ‘तुझा म्हणणा माका असा समाजला’ म्हटल्यान तर ती आधी मीठ-मिरच्ये ओवाळून टाकतली. मगे बघतली ताप आसा काय.

भांडुपचा_चाकरमानी
बाळग्या 😄

ताई, तुम्हाला बसायला जागा नाही, आमच्यात जागाच जागा आहे, साडेतीनशे किलोमीटर. मी भांडुपला, घरचं माणूस आणि दोन पोरं राजापूरकडे गावी. खोली एकच, त्यात भाऊही राहतो, सगळ्यांना इथे आणणं जमणारं नाही.

रोज रात्री फोन होतो. जेवलीस? जेवले. तुम्ही? जेवलो. पोरं? झोपली. आईचं औषध? आणलं. संपला फोन. यात भांडण नाही, पण बोलणंही नाही. काही मनातलं काढायचं तर तिच्या बाजूला आई, माझ्या बाजूला भाऊ. शेवटी ती एखादा शब्द जपून बोलते आणि मी तिकडचा सूर ओळखत बसतो. पावसाळ्यात रेंज गेली की तेही नाही.

मग गणपतीला घरी जायचं. वर्षभराचं साठलेलं, आणि घरात वीस माणसं. आरत्या, भजनं, पानं वाढणं, रात्री फुगड्या. चौथ्या दिवशी रात्री कुठेतरी दोघं एकटी सापडतो आणि पहिलं वाक्यच वाकडं निघतं. तिचं म्हणणं, पैसे पाठवतोस पण हिशेब दिरांकडे जातो. माझं म्हणणं, मी काय मजेसाठी राहतो काय तिकडे. आणि पाचव्या दिवशी परतीची गाडी.

आमच्यासारख्यांना त्या कार्डाचा उपयोग आहे का, हे खरंच विचारतोय. थट्टा नाही.

निवृत्त_मास्तर_रत्नागिरी
पुस्तकी नको म्हणालात, तरी सांगतोच. जन्मभर मानसशास्त्र शिकवलं, सवय जात नाही.

गुहागरच्या ताईंनी पाहुण्यांबद्दल जे लिहिलंय ते १९७५ साली गॅरी बर्चलर, रॉबर्ट वाइस आणि जॉन व्हिन्सेंट या तिघांनी मोजून दाखवलं होतं. ज्यांचं आपसात पटत नाही अशी माणसं त्यांनी एकदा आपल्या जोडीदाराशी आणि एकदा परक्या माणसाशी बोलायला बसवली. तीच माणसं परक्याशी बरी बोलली. म्हणजे बोलता येत नाही म्हणून घरी बिनसतं, हा हिशेब निदान सगळ्यांना लागू पडत नाही.

तरीही प्रशिक्षणाची सगळी इमारत या हिशेबावरच उभी राहिली. १९७० च्या दशकात बर्नार्ड गर्नी यांनी नवराबायकोला समुपदेशकासारखं ऐकायला शिकवण्याची पद्धत बसवली, पुढे मार्कमन-स्टॅन्ली आले. आणि १९९८ मध्ये जॉन गॉटमन यांनी या सगळ्यावर पाणी ओतलं. सिअॅटलच्या १३० नवविवाहित जोडप्यांची भांडणं चित्रित करून त्यांनी सहा वर्षांपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. ‘तुझं म्हणणं मला असं समजलं’ हा प्रकार सुखी जोडप्यांतही क्वचितच दिसला, आणि पुढे संसार कसा जाईल याचा अंदाज त्यावरून येईना. अंदाज आला तो दुसऱ्याच गोष्टींवरून: विषय मऊपणे निघतो का, नवरा बायकोचं म्हणणं मानून स्वतःत काही बदलतो का, भांडणातही थोडा हसवेपणा शिल्लक राहतो का. मार्कमन-स्टॅन्ली गप्प बसले नाहीत. सुखी जोडपी आपणहून तसं बोलत नाहीत म्हणून अडलेल्यांना ते शिकवू नये असं कुठे ठरतं, हे त्यांचं उत्तर. मला ते पटतं. पोहता येणारा फळकूट वापरत नाही, शिकणाऱ्याला ते लागतं.

आता मोठा दाखला. अमेरिकन सरकारने गरीब जोडप्यांसाठी असे वर्ग काढले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून परिणाम तपासला. ‘बिल्डिंग स्ट्राँग फॅमिलीज’मध्ये लग्न न झालेली, मूल झालेली किंवा होणारी ५,१०२ जोडपी आठ ठिकाणी होती. तीन वर्षांनी पाहिलं तर एकत्र राहण्यात एकूण फरक नाही. ओक्लाहोमा सिटीत थोडं बरं झालं. बाल्टिमोरमध्ये सव्वा वर्षाच्या पाहणीत उलट जास्त बिघडलं. दुसरा कार्यक्रम ‘सपोर्टिंग हेल्दी मॅरेज’, ६,२९८ जोडपी, बहुतेक लग्न झालेली. तिथे अडीच वर्षांनी नात्याबद्दलच्या समाधानात लहानशी वाढ टिकून होती. लग्न टिकण्याच्या प्रमाणात फरक नव्हता.

आणि भांडुपकर, हे तुमच्यासाठी. २०१६ मध्ये जस्टिन लॅव्हनर, बेंजामिन कार्नी आणि थॉमस ब्रॅडबरी यांनी लॉस एंजेलिसच्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या ४३१ नवविवाहित जोडप्यांकडे पहिल्या तीन वर्षांत चारदा जाऊन पाहिलं. चांगलं बोलणं आधी की समाधान आधी? समाधान आधी आणि त्यामुळे बोलणं चांगलं, ही दिशा जास्त वेळा सापडली. पोटापाण्याची ओढाताण असताना बोलण्याला किती दोष द्यायचा, हा प्रश्न त्यातून निघतोच. तुमच्या घरी आधी हिशेब तिच्या हाती जाऊ दे. सूर मग बघू.

भांडुपचा_चाकरमानी
मास्तर, शेवटचं वाक्य जरा लागलं. पण बरोबर आहे. बँकेत तिचं खातं आहे, पैसे जातात भावाच्या खात्यावर. का, ते आता मलाच सांगता येत नाही. वडील होते तेव्हापासून तसं चालू आहे.

खेडचा_पाव्हणा
सगळी थेरं आहेत. आमच्या आईवडिलांनी कुठला कोर्स केला होता? पंचेचाळीस वर्षं झाली, भक्कम संसार.

हर्णै_बंदर
आईला विचारलंस का कधी?

हर्णै_बंदर
पाव्हणा गप्प झाला वाटतं. असो, माझं सांगते.

आमचा धंदा मच्छीचा. संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावर लिलाव. बोली लावणं, घासाघीस, उधारी वसूल करणं, सगळं मी करते. नवरा बोटीवर. आठवडाभर समुद्रात, मग दोन दिवस घरी. आमचं भांडण वर्षात एकाच मोसमात होतं, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत. तो घरी, हातात काम नाही, पैसा येत नाही. मी विषय काढते की बोटीच्या कर्जाचं काय. तो उठतो आणि जाळी बघायला जातो. मी मागून जाते. तो आणखी पुढे, खाडीपर्यंत. मग रात्री पिऊन येतो. सकाळी कोणीच काही बोलत नाही.

बचत गटाच्या मीटिंगमध्ये एक बाई येऊन दोन तास संवादावर बोलून गेली. मऊ बोला, वेळ बघून बोला, त्यांचा मूड बघा. समोर सगळ्या बायकाच बसलेल्या! लिलावात चार व्यापाऱ्यांना गप्प करणाऱ्या बायकांना तू बोलायला शिकवतेस होय? त्या जाळ्यांपाशी बसलेल्यांना जाऊन शिकव की.

निवृत्त_मास्तर_रत्नागिरी
हर्णैच्या ताई, तुम्ही मागे आणि तो पुढे, यावर १९९० साली अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांचं काम आहे. एक जण लावून धरतो, दुसरा अंग काढून घेतो. बायकोला जो बदल हवा त्यावर बोलणं निघालं की बहुतेक बायको धरते आणि नवरा निसटतो. पण नवऱ्याला हवा असलेला बदल विषयाला घेतला, तेव्हा हा फरक दिसेनासा झाला. म्हणजे बायकांचा स्वभावच कटकटीचा असं नाही. ज्याला आहे ते बदलायला हवं आहे तो मागे लागतो, आणि आहे ते ज्याला सोयीचं आहे तो जाळी बघायला जातो.

हर्णै_बंदर
हे त्याला वाचून दाखवणार आहे. मऊ आवाजात.

देवगडची_कलमं
आम्ही केलंय प्रशिक्षण, काही वर्षं झाली. खरं सांगू? कार्डबिर्ड महिन्याभरात गेलं. आंब्याच्या हंगामात पेट्या भरायच्या, गाड्या वेळेत सोडायच्या, वाशीच्या बाजारातून विक्रीची पट्टी किती आली यावर घराचा मूड. तिथे ‘मला असं वाटतं की’ कोण म्हणणार?

एक गोष्ट मात्र राहिली, ती लिहिते, कारण कोणाला तरी उपयोग होईल. थांबण्याचा नियम. छाती धडधडायला लागली, कान गरम झाले की पुढे बोलण्यात अर्थ नसतो. गॉटमन यांच्या प्रयोगात नाडीचे ठोके मोजायचे. ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, असं आम्हाला सांगितलं होतं. शरीर खाली यायला निदान वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ बाजूला व्हायचं, आणि त्या वेळात मनात उत्तरं जुळवत बसायचं नाही, नाहीतर धडधड तशीच राहते.

पण आमच्याकडे याची पळवाट झाली. ‘मला थांबायचंय’ म्हणून हे मोटरसायकल घेऊन जायचे ते जेवायला यायचे, आणि विषय कायमचा गेला. म्हणून मी त्यात भर घातली. जाणाऱ्याने परत कधी बसायचं ते सांगून जायचं. ‘दिवेलागणीनंतर बोलू’ म्हटलं की दिवेलागणीनंतर बोलायचं, मग आकाश कोसळो. आणि विषय परत काढायची जबाबदारी जो उठून गेला त्याची. या एका कलमाने निम्मा त्रास गेला, कारण मागे लागण्याचं माझं काम संपलं.

हर्णैताई, तुमच्याकडे हे चालेल बघा. जाळी बघून किती वाजता येणार, ते आधी सांग म्हणावं.

समुपदेशक_सिंधुदुर्ग
धागा दोन दिवस वाचतेय. एक विषय अजून आला नाही म्हणून लिहिते.

मास्तरांनी बाल्टिमोरमध्ये बिघडलं एवढंच लिहिलं. तिथल्या पाहणीत वर्गाच्या गटातल्या बायकांकडून गंभीर मारहाणीच्या तक्रारी दुसऱ्या गटापेक्षा जास्त आल्या होत्या. पुढे तीन वर्षांच्या पाहणीपर्यंत हे वाईट परिणाम बरेचसे विरले, पण माझ्यासारखीला तेवढी नोंद पुरते.

मी तालुक्याच्या ठिकाणी बसते. माझ्याकडे येणाऱ्यांत ‘आम्हाला जरा बोलायला शिकवा’ म्हणून नवराच बायकोला घेऊन येतो, असं बरेचदा होतं. बाई खाली बघत बसलेली. दोघांना समोरासमोर बसवून ‘मनमोकळं बोला’ म्हणणं सोपं आहे. ती खरंच मोकळं बोलली तर त्याची किंमत घरी कोण देणार? ‘तू ओरडतोस तेव्हा मला भीती वाटते’ हे वाक्य पुस्तकात अगदी आदर्श आहे. काही घरांत ते घरी गेल्यावर पुन्हा तिच्याच तोंडावर फेकलं जातं: ‘बाहेरच्यांसमोर माझी अब्रू काढलीस.’

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. आधी दोघांना वेगवेगळं भेटते, दार लावून. भीती वाटते का, मार आहे का, पैसे-फोन कोणाच्या हातात, माहेरी जाऊ देतात का, हे एकटीला विचारते. उत्तर वाईट आलं तर संवादाचा विषय तिथेच बंद. मग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची गोष्ट सुरू होते, संरक्षण अधिकारी कुठे बसतात ते सांगते, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ करायला लावते, कारण लिहून दिलेला कागद घरी सापडतो. मार खाणाऱ्या बाईला मऊ बोलायला शिकवणं म्हणजे माराची जबाबदारी तिच्यावर टाकणं. यावर मी वाद घालणार नाही.

गुहागरच्या ताई, तुमच्या वर्गात असं आधी वेगवेगळं विचारलं होतं का?

गुहागरची_सून
नाही विचारलं. एकच फॉर्म होता, दोघांचा मिळून, तो ह्यांनीच भरला. तेव्हा लक्षातही आलं नाही. आमच्या गटात एक जोडपं होतं, ती बाई कार्ड हातात आलं की प्रत्येक वेळी ‘माझं काही नाही, सगळं चांगलंय’ म्हणायची आणि सगळे टाळ्या वाजवायचे. आता ते आठवून कसंतरी होतंय.

वेंगुर्ल्याची_फिलोमिना
आम्हा कॅथलिकांत लग्नाआधीच हा वर्ग करावा लागतो, त्याशिवाय चर्चमध्ये लग्न ठरत नाही. मी तरुण होते तेव्हा कंटाळा आलेला. आज विचार केला तर कसं बोलायचं यातलं काही आठवत नाही. आठवतात ते प्रश्न. पगारातून आईवडिलांना किती देणार? मूल लवकर झालं नाही तर काय? तू बोटीवर गेलास तर मी कुठे राहायचं, सासरी की माहेरी? हे प्रश्न आम्ही दोघांनी आपणहून कधी काढले नसते, मला वाटलं असतं तो काढेल, त्याला वाटलं असतं मी. समोर फादर आणि एक वयस्क जोडपं बसलेलं म्हणून लाजत लाजत उत्तरं दिली. नवरा पुढे खरंच जहाजावर गेला आणि मी माहेरी राहिले. सासूने तोंड वाकडं केलं, पण ते आधी ठरलेलं होतं म्हणून निभावलं.

देवगडची_कलमं
फिलोमिनाताई, +१. आपल्याकडे साखरपुड्याला मानपानाची यादी लिहून काढतात, त्यात साडी कितीची ते असतं. हे एवढं विचारायची कुणाची छाती नाही.

खेडचा_पाव्हणा
आईला विचारलं.

ती म्हणाली, ‘तुझे वडील बोलत नसत हे बरं होतं, बोलले असते तर राहिले नसते.’ आणि हसली. पुढे काय विचारायचं कळेना.

थेरं हा शब्द मागे घेतो. बाकी अजून पटलेलं नाही.

कट्ट्यावरचो_बाळग्या
पाव्हण्या, आवशीक नमस्कार सांग रे.

निवृत्त_मास्तर_रत्नागिरी
एक पुरवणी. गॉटमन यांच्या पाहणीत जोडप्यांचे वादाचे विषय साधारण ६९ टक्के वेळा कायमचे होते, म्हणजे वर्षानुवर्षं तेच. सुखी घरांतही. ते सुटत नाहीत, त्यांच्यासह राहायला जमतं. ख्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांनी म्हणूनच पुढे निव्वळ कौशल्यं शिकवण्यापेक्षा जोडीदार आहे तसा स्वीकारण्यावर भर देणारी उपचारपद्धत काढली. १३४ खूप अडचणीतल्या जोडप्यांवर जुनी आणि नवी पद्धत ताडून पाहिली. सुरुवातीला नवी थोडी पुढे वाटली, पाच वर्षांनी दोन्ही जवळपास सारख्याच निघाल्या. आणि दोन्हीतली बरीच जोडपी सुधारली, हेही सांगतो, नाहीतर मी सगळ्यावर पाणीच ओततो असं वाटेल. तिथे प्रत्येक जोडप्याला तज्ज्ञ माणूस महिनोन्महिने भेटत होता. दोन दिवसांच्या वर्गाकडून तीच अपेक्षा कशी करायची?

गुहागरची_सून
सगळ्यांना धन्यवाद, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. आमच्याकडे काय झालं ते सांगते.

कार्ड कपाटात आहे. पण वर्गाचा एक फायदा कोणी लिहिला नाही. त्यांनी प्रमाणपत्र दिलं! ते ह्यांनी सासूबाईंना दाखवलं आणि सांगितलं, ‘आई, आम्हाला रोज अर्धा तास अभ्यास दिलाय.’ नुसतं ‘आम्हाला बोलायचंय’ म्हटलं असतं तर ‘आता काय बोलायचं राहिलंय’ झालं असतं. अभ्यासाला त्यांची ना नाही. आता दुपारचे पाहुणे समुद्रावर गेले की आम्ही त्यांच्याच एका रिकाम्या खोलीत बसतो. एसी लावत नाही, बिल येतं.

तिथे कसं बोलतो म्हणाल तर जेमतेम. पण दोन गोष्टी ठरल्या. रात्री दहानंतर पाहुण्यांचा फोन आळीपाळीने घ्यायचा, आणि कर्जाची वही माझ्याकडे. वही माझ्याकडे आल्यापासून ‘गॅस नोंदवलात का’ हा प्रश्नच बंद झाला, मीच नोंदवते. ह्यांची झोप सुधारली का ते विचारू नका, आता मला लागत नाही.

समुपदेशक ताई, आयोजकांना मी फोन केला. पुढच्या वेळी फॉर्म वेगवेगळे भरून घ्या, आणि भरताना दोघं वेगळ्या खोलीत हवीत, हे सांगितलं. ‘बघतो’ म्हणाले. तुमच्याकडे प्रश्नांचा नमुना असेल तर पाठवाल का? मी तो घेऊनच जाते.

समुपदेशक_सिंधुदुर्ग
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. शेवटचा प्रश्न तोंडीच विचारायला सांगा, लिहून नको.

भांडुपचा_चाकरमानी
पुढच्या महिन्यापासून पैसे तिच्या खात्यावर. भावाला काल सांगितलं, तो फुगलाय. तिला अजून सांगितलेलं नाही, फोनवर आई बाजूला असते. देवगडताई, तुमचा तो परत येण्याची वेळ सांगण्याचा नियम फोनला कसा लावायचा? इकडून कट झाला की रेंजचं नाव पुढे करता येतं.

देवगडची_कलमं
कट झाला तर ज्याने विषय काढला त्याने नाही, दुसऱ्याने परत लावायचा. आणि आईच्या औषधाची चौकशी आईलाच वेगळा फोन करून करा, म्हणजे या फोनवर त्या बसणार नाहीत.